ती फक्त पार्कात बसायची

वॉटर पार्काच्या खिडकीवर मी "एक" म्हटलं तेव्हा तिकीट देणाऱ्या पोरीनं माझ्या मागं पाहिलं. म्हाताऱ्या माणसाच्या मागं कोणीतरी असतंच, असं तिला वाटलं असेल. नातू, सून, कोणीतरी. मागं नुसतं ऊन होतं.

"एकच, काका?"

"एकच."

"पाण्यात जाणार आहे?"

"नाही. काम आहे आत."

"पार्कमध्ये काय काम?"

तिला काय सांगू. एका बाईला जेवायला बोलवायला आलो, असं म्हटलं असतं तर तिनं मला सावलीत बसवून घरचा नंबर विचारला असता. मी तिकीट घेतलं आणि आत गेलो.

आमची बायको दिवाळीच्या आधी गेली. कशानं गेली, कुठं गेली, ते लिहीत नाही. लिहून ती येत नाही. आता आखाजी दोन दिवसांवर आली होती, तिची पहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी मातीची घागर भरतात आणि त्याच्या नावानं कोणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. माणूस गेला असेल तर माणूस बसतो, बाई गेली असेल तर बाई. आणि बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल तर बसणारी सवाष्ण पाहिजे, तिचा नवरा जिता पाहिजे. ती जेवते ते तिकडं पोचतं, असं म्हणतात. पोचतं का नाही मला ठाऊक नाही, मी सातवीपर्यंत शिकलो. पण कोणीही यावं, पुरणपोळी खावी आणि हात धुऊन जावं, हे मला पटत नव्हतं.

सुनेनं सकाळी चहा देता देता विषय काढला होता.

"बाबा, सवाष्ण म्हणून समोरच्या काकूंना सांगू का?"

"तिची आणि हिची काय ओळख?"

"एवढी वर्षं समोर राहतात त्या."

"समोर राहते. हिच्याजवळ बसली काय कधी?"

सून ओट्याकडे वळली. चांगली पोर आहे. पण तिला ठाऊक नाही की मी काय विचारत होतो. घरात आमची बायको कधी बसलीच नाही, तर तिच्याजवळ कोण बसेल. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला घरात बसलेली पाहिली नाही. चुलीपाशी उकिडवी, नळापाशी वाकलेली, नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये आलो तर ओट्याला टेकलेली. टीव्हीसुद्धा दाराच्या चौकटीला खांदा लावून पाहायची, हातात पोळीचं पीठ. "बस ना वं," म्हटलं तर म्हणायची, "बसली का उठायले जीवावर येते."

बसलेली पाहिली ती फक्त पार्कात. आणि तिथं तिच्याजवळ बसलेली बाई एकच होती. पाण्यात उतरणाऱ्यांना कपडे भाड्यानं देणारी. आम्ही तिला कास्टूमवाली म्हणायचो. माझ्या डोक्यात दुसरं कोणी येतच नव्हतं. तीच पाटावर बसली तर बसली, नाहीतर ती आखाजी माझ्या लेखी झालीच नाही, असं मनात धरून मी निघालो होतो.

आत शिरल्याबरोबर वास आला. पाण्यातल्या औषधाचा, जनरेटरच्या डिझेलचा, तापलेल्या सिमेंटवर पाणी पडल्याचा आणि कुठंतरी भज्यांच्या जुन्या तेलाचा. तो वास नाकात गेला आणि मी दोन पावलं चालून उभा राहिलो. बाकी सगळं बदलतं, भाऊ. वास हरामखोर तसाच राहतो.

मी हिंगण्याच्या एका कंपनीत फिटर होतो. थंडीच्या दिवसांत कंपनी आम्हाला बायका-पोरांसकट इथं आणायची. पाळीची जी बस रोज आम्हाला आणायची आणि न्यायची, तीच बस. रोज तिच्यात ग्रीसचा आणि झोपेचा वास असायचा. त्या दिवशी पावडरचा, खोबरेल तेलाचा आणि कोणाच्या तरी पोरानं सोललेल्या संत्र्याचा. माणसं एकमेकांना ओळखायची नाहीत, कारण सगळे भांग पाडून आलेले. बायका खिडकीतून पाहत गप्प बसलेल्या. ही जुन्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत वाढलेली, जिथं समोरच्या घरातली शिंक आपल्या घरात ऐकू येते. गाव संपून मोकळं रान लागलं की ती पदर नीट करायची, जणू कोणाच्या घरी चाललो.

तेव्हा मी झुल्यांचा शौकीन. कोलंबस नावाची ती मोठी नाव असते ना, इकडून तिकडं झुलते, तिच्या शेवटच्या बाकावर माझी जागा ठरलेली. टोरा-टोरा, ब्रेक डान्स, आकाशपाळणा, काही सोडायचो नाही. आमच्या खात्यातले सगळेच तसे. आठवडाभर मशीन आपल्याला फिरवते, एक दिवस आपण मशीनवर बसून फिरू, असं काहीतरी. आणि खाली सामान घेऊन ही.

आमच्यात ती रीतच पडून गेली होती. सगळ्या खात्याचं सामान हिच्याकडे. चपला तिच्या भोवती गोल मांडलेल्या, पाकिटं तिच्या ओटीत, चष्मे पदराच्या टोकाला बांधलेले. घड्याळं मात्र ती हातात घालायची, एकावर एक, मनगटापासून कोपरापर्यंत. तिच्या स्वतःच्या हाताला कधी घड्याळ नव्हतं.

"वहिनी, सांभाळा बरं, सासऱ्यानं दिलं आहे," कोणी म्हणायचा.

"ठेवा ना. वरून पडले तं माह्या भावाले देऊन देईन."

"तुमच्या भावाच्या हातात दिसलं तं मी भूत होऊन येईन."

"या. भुताले टाइम कायले लागते?"

वरून मला ती दिसायची. नाव वर गेली की एवढीशी, खाली आली की मोठी. लाल लुगड्याचा एक ठिपका आणि भोवती चपलांचं रिंगण. ती वर पाहायची नाही. मला तेव्हा राग यायचा. आपण एवढे उंच गेलो आणि बाई दुसरीकडेच पाहून राहिली.

मग एका वर्षी कोलंबसवरून उतरलो आणि पायाखाली जमीन नव्हती. कडूलिंबाच्या खोडाला धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढं सगळं हिरवं-पिवळं. पोटातले पोहे वर यायला लागले.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"गुमान बस."

"मी तं बसलीच आहो. आता तुम्ही बसा."

बसलो तिच्याजवळ, चपलांच्या आत. तिनं पाणी दिलं. त्या दिवसापासून मी वर गेलो नाही. सुरुवातीला लाज वाटायची. सोबतचे हाका मारायचे, "काय गा, म्हातारा झाला काय?" मी शिव्या द्यायचो. मान वर करून झुल्यांकडे पाहत बसायचो, उपाशी माणूस हॉटेलात पाहतो तसा.

"वर काहून पाहता?" ती एक दिवस म्हणाली. "वर काहीच नसते. उतरते तिथं पाहा."

मी पाहिलं. लोखंडी दार उघडलं आणि लोक उतरायला लागले. एक सुटाबुटातला जाड माणूस, बहुतेक कुठला साहेब, कठडा धरून उभा, गुडघे लटपटत. त्याच्या मागं हिरवा चुडा भरलेली नवी नवरी, वर जाताना नवऱ्यापासून हातभर लांब बसलेली, आता दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून. एक म्हातारा उतरला तो लहान पोरासारखा रडवेला. आणि एक बाई नुसतीच हसत होती, थांबता थांबत नव्हती, कोणाकडे पाहत नव्हती.

"उतरल्यावर दोन मिनिटं माणूस खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "मंग चपला घालते आणि होते पहिल्यासारखा."

एवढी वर्षं ती हेच पाहत बसली होती. मला वर जाऊन जे मिळत नव्हतं ते तिला खाली बसून मिळत होतं.

तिनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. कोलंबस पार वर जाते तेव्हा खाली यायच्या आधी एक क्षण थांबते. तेवढा वेळ कोणी ओरडत नाही. सगळा आवाज गळ्यात अडकलेला असतो. गाणं, भोंगा, पाणी चालूच असतं, पण माणसांचा आवाज नसतो. तेवढ्यात ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. बस, एवढंच. नाव खाली आली की हात काढून घ्यायची. आता हे मी कोणाला सांगू.

रिटायर झालो, पोरगा कामाला लागला, नातवंडं आली आणि त्यांच्या शाळा सुरू झाल्या. तेव्हा आम्ही दोघंच यायला लागलो. सुटीचा दिवस सोडून, थंडीत, जेव्हा पार्क रिकामं असतं. घरी सांगायचो, देवळात जातो. रिकामं पार्क तुम्ही पाहिलं नसेल. सकाळी झुले माणसांशिवाय फिरवून पाहतात. आकाशपाळण्याच्या खुर्च्या मोकळ्याच वर जातात, मोकळ्याच खाली येतात, आणि कुरकुर करतात. धुक्यात वरच्या खुर्च्या दिसत नाहीत. माळी गेंद्याला, म्हणजे झेंडूला, पाणी घालतो. पाण्याच्या घसरगुंड्या कोरड्या, त्यांच्यावर चिमण्या. ही बाकावर बसायची, पाय वर घेऊन, मांडी घालून, शाल पांघरून. असं मांडी घालून बसलेलं मी तिला घरच्या पूजेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

बाहेरचं खाणं आत न्यायची बंदी. ही थैलीच्या तळाशी संत्री दडवून आणायची. गेटवरचा चौकीदार तिला ओळखून होता.

"काकू, थैलीत काय आहे?"

"गोळ्या आहेत. बीपीच्या."

"बीपीच्या गोळ्यांले संत्र्याचा वास येते काय?"

"नागपूरच्या आहेत ना."

तो हसायचा आणि सोडून द्यायचा. परत जाताना ही त्याच्या टेबलावर एक गोळी ठेवायची.

कास्टूमवाली दुपारी यायची. गर्दी नसली की तिला काम नसायचं. डबा घेऊन ती लिंबाखाली आमच्या बाकावर येऊन बसायची. हातांची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली, कपाळावर ठळक कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, अंगाला ओल्या नायलॉनचा वास. मी मग उठून दुसऱ्या बाकावर जायचो, बायांच्या मधात माणसानं काय बसायचं. तिच्याजवळ एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात पाण्यात सापडलेल्या वस्तू. कोणी शोधत आलं तर द्यायच्या. कानातलं एकच डूल, मुलीचं पैंजण, चाव्या, क्लिपा, एका पायाची सँडल. या दोघी एकेक वस्तू काढायच्या आणि ती कोणाची असेल ते सांगत बसायच्या. एकदा कवळी निघाली, वरच्या दातांची.

"हा घरी जाऊन जेवला कसा असन वं?" आमची म्हणाली.

"जेवला नसन," कास्टूमवाली म्हणाली. "बोललाबी नसन. बायको म्हणत असन, पार्क चांगलं आहे, उद्या पुन्हा जाऊ."

तेव्हा ही जी हसली ते मला दुसऱ्या बाकावर ऐकू आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. घरी ती तोंडाला पदर लावून हसायची. तिथं पदर खांद्यावरच राहिला.

बाकी वेळ दोघी गप्पच असायच्या. समोर पाहत. एखादा झुला थांबला, लोक उतरले, की एक दुसरीला कोपरानं ढोसायची. त्या घरचं काही बोलत नव्हत्या. मला ठाऊक आहे, कारण मी कान देऊन ऐकायचो. सून, सासू, दुखणं, पोरं, काही नाही. दोन बाया जवळ बसल्या आणि घरचं बोलल्या नाहीत, हे मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

त्या दिवशी, तिकीट काढून आत आल्यावर, मी चालत चालत त्या लिंबापाशी आलो. लिंब आहे. बाक नाही. बाकाच्या जागी भिंत उभी केली आहे आणि भिंतीवर मोठे रंगीत पंख काढले आहेत. पोरी रांग लावतात, पंखांच्या मधात उभ्या राहतात, फोटो काढतात, निघून जातात. मी जिथं ती मांडी घालून बसायची तिथं उभा राहिलो. बरोबर तिथं.

"अंकल, थोडं बाजूला व्हा ना. फोटोत येऊन राहिले तुम्ही."

झालो बाजूला. कोलंबस चालू होती. गाणं एवढं मोठं की ती वर थांबते तेव्हाची शांतता कुठं येते आणि कुठं जाते ते समजत नव्हतं. उन्हाळ्याची गर्दी, ओले पाय, रडणारी पोरं. मी गुडघ्याकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

कपड्यांच्या खिडकीवर दुसरीच पोरगी होती. मी विचारलं तर म्हणाली, "कोणती मावशी? लय मावश्या आहेत इथं." वर्षभरात माणूस जातं, मी पाहिलं आहे. मी शेडच्या मागं गेलो. तिथं तारांवर निळे-काळे कपडे वाळत होते, शंभर माणसांची कातडी काढून टांगावी तसे. त्यांच्या मधात ती. कपडा पिळत होती. केस पार पांढरे झाले होते, कुंकू तेवढंच ठळक.

तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. तिकिटाच्या पोरीसारखंच. पण हिला समजलं.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

ती कपडा पिळतच राहिली. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

"मले वाटलं, कुठं पुण्या-मुंबईले पोराकडे गेल्या असन. तसं म्हणत होती मनाशी," ती म्हणाली. मग कपडा झटकून तारेवर टाकला. "बसा. इथं बसाले काही नाही, बादलीवर बसा."

मी बादली उलटी करून बसलो. मला गोड बोलता येत नाही. सरळ सांगितलं. "परवा आखाजी आहे. तिच्या नावानं जेवायले तुम्ही या. गाडी करून नेतो, आणून सोडतो."

तिनं ओले हात पदराला पुसले. मग मंगळसूत्र चिमटीत धरून म्हणाली, "हे इथलं आहे, भाऊ. घरी गेली का खुंटीले लावून ठेवतो. मालक जाऊन लय वर्षं झाले. इथं दिवसभर उघडी-नागडी माणसं येते, दारू पिऊन येते. गळ्यात हे असलं का जरा दूर राहते."

मी तिच्या कपाळाकडे पाहत राहिलो.

"आमच्या हिले हे ठाऊक—"

"त्यांले ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी सांगितलं मी."

"मले नाही बोलली ती."

"मी काही सांगू नका म्हटलं नव्हतं. नसन सांगितलं त्यांनीच."

मला मग राग चढला. कोणावर ते माहीत नाही. म्हटलं, "तरीबी या. माह्या घरी कोणी तुमचं कपाळ तपासून नाही राहिलं. रीत गेली खड्ड्यात. सुनेले मी पाहून घेतो."

"नका पाहून घेऊ," ती म्हणाली. "सासूची पहिली आखाजी आहे तिची. सगळं रीतीनं करून राहिली असन बिचारी. उद्या घरात कोणाचं पोट दुखलं तरी तिच्या मनात येईन, आपण त्या दिवशी चुकलो. जन्मभर येईन. त्या असत्या तं त्यांनी येऊ दिलं नसतं मले."

हे खरं होतं. माझ्या बायकोला सुनेची काळजी होती, रीतीची नाही. मी बादलीवर बसून राहिलो. वरून ओल्या कपड्यांचं पाणी टपकत होतं, मानेवर, सदऱ्यावर. उठून जावं तर कुठं जावं. घरी जाऊन समोरच्या काकूला पाटावर पाहावं लागणार होतं. ती गरम पोळी मागेल, तूप मागेल, आणि माझी बायको कुठंतरी उभीच राहील, ओट्याला टेकून.

कास्टूमवाली शेडमध्ये गेली आणि आपला डबा घेऊन आली. जमिनीवर बसली, मांडी घालून.

"घरची रीत घरी होऊ द्या," ती म्हणाली. "माही जेवायची वेळ झाली आहे. मी तं जेवतोच. तुम्ही म्हणान तं त्यांच्या नावानं जेवतो. इथं काही पाट नाही, घागर नाही."

डब्यात दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी. तिनं घास मोडला. मग थांबली.

"नाव काय होतं त्यांचं?"

आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. मी तिला 'अवं' म्हणायचो, ती मला 'आयकलं काय'. दवाखान्यात पोरानं सांगितलं होतं, घाटावरही त्यानंच. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा मी कसंबसं पुटपुटलो होतो, आणि बाया ओरडल्या होत्या की ऐकू नाही आलं, पुन्हा घ्या. मी घेतलं नव्हतं.

"अनुसया," मी म्हटलं. आवाज फाटका निघाला. म्हणून पुन्हा म्हटलं, "अनुसया."

"अनुसयाबाईच्या नावानं," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला. सावकाश चावला. कपड्यांच्या फटीतून तिकडं कोलंबसचं दार दिसत होतं, ती तिकडं पाहत चावत होती. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मी बादलीवर बसून एका परक्या बाईला जेवताना पाहत होतो, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

"भाजीत मीठ जास्त पडलं आज," ती म्हणाली.

"तिले चालते," मी म्हटलं.

चालत होतं, असं म्हणायला पाहिजे होतं. पण तिनंही काही म्हटलं नाही, आणि मी राहू दिलं.